मार्टिन हाउग: पुण्यात राहिलेला अवेस्ता-पंडित. त्याचं नेमकं कोणतं काम टिकलं?

मुळामुठा

प्राचीन इराणी भाषांच्या अभ्यासकांची यादी काढली की आंकेतिल-दुपेरों, रास्क, ब्युर्नूफ, श्पीगेल, गेल्डनर, बार्थोलोमे अशी नावं येतात. या यादीतला एक माणूस पुण्यात संस्कृतचा प्राध्यापक होता, याची आपल्याकडे फारशी वाच्यता होत नाही, म्हणून हा धागा. (अवेस्ता म्हणजे पारशांचे प्राचीन धर्मग्रंथ, आणि ते ज्या भाषेत आहेत ती भाषाही.)

मार्टिन हाउग. जन्म ३० जानेवारी १८२७, वुर्टेम्बर्गमधल्या ओस्टडोर्फ गावी, शेतकऱ्याच्या घरी. श्टुटगार्टच्या शाळेत तो तसा उशिराच दाखल झाला. १८४८ मध्ये ट्युबिंगेन विद्यापीठ, नंतर ग्योटिंगेन, १८५४ पासून बॉनला अध्यापन, मग हायडेलबर्गला बुन्सेनच्या बायबल-ग्रंथासाठी मदतनीस. १८५८ मध्ये लाइप्झिगहून त्याच्या ‘पाच गाथा’ (गाथा म्हणजे अवेस्तातली सर्वांत जुनी स्तोत्रं) या ग्रंथाचा पहिला भाग निघाला, दुसरा १८६० मध्ये. १८५९ मध्ये तो पुण्यात आला आणि १८६६ मध्ये प्रकृती बिघडल्यामुळे परत गेला. १८६८ मध्ये म्युनिकला संस्कृत आणि तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. ३ जून १८७६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या रागात्स इथे वारला, वय अवघं ४९.

माझं म्हणणं असं: हाउग गाजला तो गाथांच्या भाषांतरामुळे आणि ‘झरथुष्ट्र (पारशी धर्माचा संस्थापक) एकेश्वरवादी होता’ या प्रतिपादनामुळे. पण दीडशे वर्षांनी पाहिलं तर ती भाषांतरं मागे पडली आहेत. टिकलं ते पुण्याच्या दस्तूर (पारशी धर्मगुरू) होशंगजी जामास्पजी आसा यांच्याबरोबर केलेलं कोशांचं आणि संपादनाचं काम: १८६७ चा झंद-पहलवी कोश, १८७० चा पहलवी-पाझंद कोश, १८७२ चं अर्दा विराफ हे पहलवी पुस्तक. (पहलवी ही अवेस्तानंतरची इराणी भाषा, पाझंद म्हणजे तीच सोप्या अवेस्ता लिपीत लिहिलेली.) जाणकारांनी आपली मतं मांडावीत. आणि आज कुणाला अवेस्ता शिकायची असेल तर हाउगपासून सुरुवात करावी का, तेही सांगा.

तळटीप

कोशांबद्दल सहमत. पण एक मोठी गोष्ट तुमच्याकडून राहून गेली. ७२ अध्यायांच्या यस्नातून (पारशांच्या मुख्य विधीत म्हणायचा ग्रंथ; विधीलाही यस्नच म्हणतात) गाथा हा सर्वांत जुना थर बाजूला काढून, ‘झरथुष्ट्राचे स्वतःचे शब्द म्हणता येतील तर एवढेच’ असं ठणकावून मांडलं ते हाउगने. आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात हे पहिल्या पानावर असतं, त्यामुळे कुणीतरी ते प्रथम मांडलं असेल हे लक्षातच येत नाही.

गाथा पाच, त्यांचे अध्याय म्हणजे ‘हा’ १७. अहुनवैती २८ ते ३४, उश्तवैती ४३ ते ४६, स्पेन्तामइन्यू ४७ ते ५०, वोहुख्षथ्रा ५१, वहिश्तोइश्ती ५३. कडवी अनुक्रमे १००, ६६, ४१, २२ आणि ९, एकूण २३८. मधले ३५ ते ४१ हा यस्न हप्तङ्हाइती. तो गद्य आहे, पण भाषा गाथांचीच.

पाचांची वर्गवारी छंदावर आहे. अहुनवैतीत तीन ओळींचं कडवं, प्रत्येक ओळ ७+९ अक्षरांची. उश्तवैतीत पाच ओळी आणि स्पेन्तामइन्यूत चार, दोन्हींत ४+७. वोहुख्षथ्रात तीन ओळी, ७+७. शेवटच्या गाथेत दोन ओळी आखूड, दोन लांब. यति कुठे पडतो हे बघूनच पाठ तपासता येतो. पोथीत एखाद्या चरणात अक्षर जास्त दिसलं तर बहुधा पठण करणाऱ्यांनी दोन व्यंजनांमध्ये आधाराचा स्वर घातलेला असतो. तो मोजायचा नाही.

विश्रामबाग

छोटी भर. हाउग शिकवत होता ते पूना कॉलेज. १८२१ ची संस्कृत पाठशाळा विश्रामबाग वाड्यात भरायची, तिचंच १८५१ मध्ये पूना कॉलेज झालं आणि १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव मिळालं. येरवड्याची दगडी इमारत वापरात आली १८६८ मध्ये. म्हणजे ती वापरात येण्याआधीच हाउग पुणे सोडून गेला होता.

समिधा

हाउग इथल्या वैदिकांना ठाऊक होता तो ऐतरेय ब्राह्मणामुळे. १८६३ मध्ये मुंबईहून दोन खंडांत त्याने मूळ आणि इंग्रजी भाषांतर काढलं. ब्राह्मणग्रंथांची भाषा एवढी तांत्रिक आहे की कोण ऋत्विज कुठे बसतो, कुठून उठतो, ग्रह (सोमरसाचं पात्र) कसा भरतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वाक्यं लागत नाहीत. म्हणून त्याने एका सोमयाजी श्रौत्याला दक्षिणा देऊन आपल्या आवारात, बाहेरच्यांना दिसणार नाही अशा जागी, पाच दिवस सगळे विधी क्रमाने करून दाखवायला लावले, आणि प्रत्येक कृतीला ब्राह्मणातलं वाक्य जुळवून टिपणं घेतली.

सोमाबद्दलही त्याची नोंद आहे. दख्खनचे याज्ञिक तेव्हा वापरत ती वनस्पती पुण्याजवळच्या डोंगरांवर चार-पाच फूट वाढणारी. ती मूळ वैदिक सोम नव्हे हे त्याने स्पष्ट लिहिलंय. रस पांढुरका, तुरट, कडू पण आंबट नाही, थोडासा मादक. त्याने तो बऱ्याच वेळा चाखला, पण काही चमच्यांपलीकडे घशाखाली उतरला नाही.

याचा इराणी अभ्यासाशी थेट संबंध आहे. अग्निष्टोम (सोमयागाचा मूळ प्रकार) नीट समजल्यावरच त्याला पारशांच्या यस्नाशी अंगाअंगाने तुलना करता आली: सोम-हओम, होतृ-ज़ओतर, अथर्वन-आथ्रवन, आहुति-आज़ूइति. यस्नात दोन पुरोहित असतात, ज़ोत आणि रास्पी. हओमाच्या काड्या डाळिंबाच्या काडीबरोबर धातूच्या खलात कुटून रस गाळतात. बरसोम (विधीत वापरायची जुडी) पूर्वी झाडाच्या काड्यांचा असे, आता धातूच्या तारांचा, यस्नासाठी २३ तारा. पारशांकडे हओम म्हणून वापरतात ती इराणातून येणारी इफेड्रा. म्हणजे पुण्याची सोमवल्ली आणि पारशांचा होम या दोन अगदी वेगळ्या वनस्पती. विधी जुळतो, झाड जुळत नाही.

चैत्रपालवी

फार छान धागा. एक प्राथमिक शंका: संस्कृत येत असेल तर अवेस्ता कितपत कळते? ‘ऐंशी टक्के तेच आहे’ असं सर्रास ऐकू येतं.

उपरणे

@चैत्रपालवी, टक्केवारी सोडा, नमुनाच बघू. मिथ्रा या देवतेच्या यश्तातलं, म्हणजे स्तोत्रातलं (यश्त १०, कडवं ६) हे उदाहरण जॅक्सनने १८९२ च्या अवेस्ता व्याकरणात दिलं आणि तेव्हापासून ते प्रसिद्ध आहे:

तेम अमवन्तेम यज़तेम
सूरेम दामोहु सेविश्तेम
मिथ्रेम यज़ाइ ज़ओथ्राब्यो

संस्कृतात:

तम् अमवन्तं यजतं
शूरं धामसु शविष्ठं
मित्रं यजै होत्राभ्यः

नियम नीट पाठ केले तर अर्धं काम होतं. संस्कृतातला ‘स’ शब्दाच्या सुरुवातीला स्वरापुढे ‘ह’ होतो (सप्त-हप्त, सोम-हओम), दोन ‘अ’कारांमध्ये ‘ङ्ह’ होतो (नमसा-नेमङ्हा), पण ‘त’पुढे तसाच राहतो (अस्ति-अस्ति). ‘श’चा ‘स’ (शत-सत, दश-दस), ‘श्व’चा ‘स्प’ (अश्व-अस्प). महाप्राण गळतात (भ्रातृ-ब्रातर). ‘त्र’चा ‘थ्र’ (मित्र-मिथ्र). ‘ज’चा ‘ज़’ (यज-यज़) आणि ‘ह’चाही ‘ज़’ (हस्त-ज़स्त, अहम्-अज़ेम).

घोटाळा इथेच होतो. अवेस्तातला ‘ज़’ संस्कृतातल्या ‘ज’चा की ‘ह’चा हे अक्षरावरून कळत नाही. ‘स’चंही तेच, तो ‘श’चा असू शकतो नाहीतर ‘त’पुढचा मूळचा ‘स’. म्हणजे संस्कृतकडून अवेस्ताकडे जाणं सोपं, उलटं येणं अवघड. आणि ध्वनी जुळला म्हणजे अर्थ जुळला असं नाही. वरच्याच कडव्यात ‘दामोहु’ म्हणजे ‘निर्मिलेल्या जीवांमध्ये’, ‘धामसु’ म्हणजे ‘स्थानांमध्ये, नियमांमध्ये’. नुसतं संस्कृत घेऊन बसलेला माणूस इथे आत्मविश्वासाने चुकतो.

हाउगच्या १८५८-६० च्या गाथा अशाच चुकल्या. वैदिक शब्दांशी व्युत्पत्ती जुळवून अर्थ बसवायची त्याला फार घाई.

मुळामुठा

@उपरणे, नेमकं हेच मला म्हणायचं होतं. गाथांचं ते काम पुण्याला येण्याआधी हाती घेतलेलं, पारशी परंपरेशी प्रत्यक्ष संबंध न येता. इथे दस्तुरांबरोबर बसल्यावर परंपरेकडे बघायची त्याची दृष्टी बदलली, १८६९ मध्ये वेंदिदादच्या (अवेस्तातला शुद्धीच्या नियमांचा ग्रंथ) अठराव्या अध्यायावर त्याने लिहिलं त्यात तो बदल दिसतो. श्पीगेलने पहलवी टीकेला फार मान दिला म्हणून तरुणपणी हाउग त्याच्यावर तुटून पडायचा. पुढे तोच पहलवीचे कोश छापत बसला.

धूळपाटी

पहलवी म्हणजे नक्की काय प्रकरण आहे ते कुणी तरी उलगडून सांगा. त्या कोशांची एवढी महती का, हे त्याशिवाय कळायचं नाही.

बारव

@धूळपाटी, सांगतो.

पहलवी म्हणजे सासानी काळातली (इ.स. तिसरं ते सातवं शतक) मध्य इराणी भाषा, अवेस्ताची टीका (झंद) याच भाषेत आहे. लिपी अरामीवरून आलेली, उजवीकडून डावीकडे. अडचणी दोन.

पहिली, अक्षरं एकमेकांत मिसळली आहेत. ग्रांथिक पहलवीत एकच उभा फटकारा न, व, र असा काहीही वाचता येतो. दुसरं एक चिन्ह य, द, ग यांपैकी काहीही असू शकतं. दोन अक्षरं जोडली की तिसऱ्याच अक्षरासारखी दिसतात. यामुळे काय होतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे परमेश्वराचंच नाव. ‘ओहर्मज़्द’ असं लिहिलेलं अक्षर-अक्षर लावून पारशी पुरोहित कित्येक पिढ्या ‘अनहोमा’ असं वाचत आले.

दुसरी अडचण हुज़्वारिश. बरेचसे नेहमीचे शब्द लिहायचे अरामीत आणि वाचायचे इराणीत. लिहायचं ‘लहमा’, वाचायचं ‘नान’. लिहायचं ‘बिसरा’, वाचायचं ‘गोश्त’. लिहायचं ‘मलका’, वाचायचं ‘शाह’. आपण ½ लिहितो आणि ‘अर्धा’ म्हणतो, तसं. असे शब्द सुमारे हजार आहेत असं इब्न मुकफ्फाच्या हवाल्याने इब्न नदीमने दहाव्या शतकातच नोंदवून ठेवलंय.

आता एकोणिसाव्या शतकातल्या युरोपियनाची पंचाईत बघा. पान उघडलं की अर्धे शब्द सेमिटिक, प्रत्यय इराणी. ही मिश्र भाषा होती का? कुणी अशी बोलत होतं का? हा वाद बरीच वर्षं चालला. हाउग आणि होशंगजींनी १८७० मध्ये छापलेला कोश म्हणजे ‘फरहंग-ई-पहलवीग’, लेखनिकांसाठीचा जुना शब्दसंग्रह. त्यात एकीकडे हुज़्वारिश रूप, दुसरीकडे त्याचा इराणी उच्चार, आणि मांडणी अकारविल्हे नसून विषयवार: आकाश, पृथ्वी, पाणी, धान्य, प्राणी, माणूस अशी प्रकरणं. त्याला हाउगने पहलवी भाषेवर दीर्घ प्रस्तावना जोडली आणि सासानी राजा शापूरच्या हाजियाबादच्या शिलालेखाशी तुलना करून दाखवलं की सेमिटिक भाग लेखनापुरता आहे, बोलीत तो नव्हता.

याची पक्की खात्री पटली ती पुढे मध्य आशियातल्या तुर्फानच्या वाळूत मानी पंथाच्या पोथ्या सापडल्यावर. १९०४ मध्ये म्युलरने त्यांची लिपी उलगडली. त्या लिपीत हुज़्वारिश नाहीच, शब्द उच्चारले तसे लिहिलेले. हाउगच्या हाती ते काहीच नव्हतं, तरी त्याची दिशा बरोबर निघाली.

चैत्रपालवी

नान आणि गोश्त! म्हणजे मेन्यूकार्ड वाचता येणाऱ्याची पहलवीची तयारी झालीच म्हणायची :)

बारव

@चैत्रपालवी :) उच्चाराची झाली. लिहायला मात्र अरामी लागेल.

देवगिरी

मूळ मताशी असहमत. कोश विद्वानांपुरते. हाउगचा खरा ठसा समाजावर उमटला, आणि तो ठसा त्याच एकेश्वरवादाचा आहे जो धागाकर्त्याने ‘मागे पडला’ म्हणून बाजूला सारला.

मागची गोष्ट लक्षात घ्या. १८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनने पारशी धर्मावर पुस्तक लिहून ‘तुम्ही दोन देव मानता’ असा हल्ला चढवला. इंग्रजी शिकलेल्या पारशांकडे उत्तर नव्हतं, कारण पहलवी ग्रंथांत ओहर्मज़्द (म्हणजेच अवेस्तातला अहुर मज़्दा) आणि दुष्ट अह्रिमान (अवेस्तातला अङ्ग्र मइन्यू) आमनेसामने उभे आहेत. १८६२ मध्ये मुंबईत हाउगचे इंग्रजी निबंध छापून आले. चार निबंध: संशोधनाचा इतिहास, भाषा (यात अवेस्ता व्याकरणाची रूपरेषाही आहे), ग्रंथ, आणि धर्माचा उगम व विकास. चौथ्यात त्याने मांडलं की यस्न ३०.३ मधले जुळे आत्मे एकाच अहुर मज़्दाच्या कर्तृत्वाच्या दोन बाजू, स्पेन्त मइन्यू (कल्याणकारी आत्मा) आणि अङ्ग्र मइन्यू (विध्वंसक आत्मा). पुढे लोकांनी स्पेन्त मइन्यूलाच अहुर मज़्दा समजायला सुरुवात केली आणि मग अङ्ग्र मइन्यू परमेश्वराचाच प्रतिस्पर्धी होऊन बसला. म्हणजे द्वैत हा नंतरचा गैरसमज.

सुधारक पारशांना हे हवंच होतं. त्याच सुमारास, १८६१ मध्ये, युरोपात शिकून आलेल्या खरशेदजी रुस्तमजी कामांनी मुंबईत अवेस्ता-पहलवीचा वर्ग सुरू केला होता. गाथा म्हणजे शुद्ध धर्म, बाकीची नंतरची भर, ही मांडणी तिथून घराघरांत गेली. पुण्यातल्या एका प्राध्यापकाचं पुस्तक एका आख्ख्या समाजाची स्वतःकडे बघायची दृष्टी बदलतं, याहून मोठं काम कुठलं?

तळटीप

@देवगिरी, प्रभाव पडला हे खरं. पण प्रभाव वेगळा आणि अर्थ बरोबर असणं वेगळं. यस्न ३०.३ मध्ये ‘येमा’ म्हणजे जुळे एवढंच आहे. त्यांचा बाप कोण ते त्या कडव्यात लिहिलेलं नाही. यस्न ४५.२ मध्ये तर स्पेन्त आत्मा दुसऱ्याला म्हणतो की आपले विचार, वचन, कर्म, आत्मा यांतलं काहीच जुळत नाही. एकाच देवाच्या दोन बाजू असं भाषण करतील हे पटवायला फार ओढाताण करावी लागते.

झरथुष्ट्री धर्माच्या अभ्यासक मेरी बॉइस (१९२० ते २००६) यांनी यावर सर्वांत कडक टीका केली. त्यांचा मुद्दा असा की जिवंत परंपरेला बाजूला सारून, जगातल्या सर्वांत अवघड ग्रंथांपैकी एकाच्या कच्च्या भाषांतरावर धर्माची नवी व्याख्या बांधली गेली. त्या १९६३-६४ मध्ये यझ्दजवळच्या शरीफाबादेत झरथुष्ट्री कुटुंबात राहिल्या होत्या, त्यामुळे परंपरा काय सांगते हे त्यांनी जवळून बघितलेलं.

देवगिरी

बॉइसबाईंचा परंपरेवरचा विश्वासही टोकाचाच. गाथा आणि नवव्या शतकातले पहलवी ग्रंथ यांत हजार वर्षांहून जास्त अंतर आहे, ते जणू नाहीच असं गृहीत धरून त्या पुष्कळ ठिकाणी लिहितात. हाउगचं उत्तर चुकलं असेल, पण गाथा आणि नंतरचा धर्म यांतला फरक समजावून सांगायची गरज त्यानेच दाखवली.

ओसरी

हाउगचाच आणखी एक सिद्धांत आजही सगळीकडे फिरतो: वैदिक लोकांचे देव ते इराण्यांचे राक्षस, वैदिकांचे असुर ते इराण्यांचे परमेश्वर, म्हणून एकेकाळी दोन्ही जमातींत धर्मयुद्ध झालं आणि त्या फुटले. हा मान्य आहे का?

उपरणे

@ओसरी, या रूपात आज तो कुणी धरत नाही. ऋग्वेदाच्या जुन्या भागात ‘असुर’ हे वरुण, अग्नी, इंद्र यांच्यासाठी आदराने येतं. त्याचा वाईट अर्थ नंतर आला, तोही भारतात स्वतंत्रपणे. एका भांडणातून दोन्ही उलटापालटी झाल्या असत्या तर काळ जुळायला हवा होता, तो जुळत नाही. इराणकडे ‘दएव’ नाकारले गेले ते गाथांतच, आणि हखामनी राजा क्षयार्षाच्या (झर्क्सीसच्या) शिलालेखात दएवांची पूजास्थळं उद्ध्वस्त केल्याचं कोरलेलं आहे. तो लेख पर्सेपोलिसला १९३५ मध्ये मिळाला, हाउगच्या नंतर ५९ वर्षांनी.

नंतरच्या अवेस्तात मात्र दएवांबद्दलची चीड भाषेतच भिनलेली दिसते. सज्जनांच्या हाताला ‘ज़स्त’, दएवांच्या हाताला ‘गव’. सज्जनांचा डोळा ‘चष्मन’, दएवांचा ‘अषि’. ‘अषि’ मूळचा निरुपद्रवी शब्द, आपल्या ‘अक्षि’चा भाऊ.

कातळकोरीव

थोडं विषयांतर, पण हाउगच्या मंडळींबद्दलच. अर्दा विराफच्या पहिल्या पानावर होशंगजी आणि हाउग यांच्यासोबत तिसरं नाव आहे ई. डब्ल्यू. वेस्ट यांचं. हे पेशाने अभियंता. १८४४ मध्ये मुंबईला आले ते कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवर देखरेख करायला. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता झाले. पहलवी स्वतःच शिकले आणि शेवटी ‘पूर्वेचे पवित्र ग्रंथ’ मालेत पहलवी ग्रंथांचे पाच खंड त्यांनी एकट्याने भाषांतरित केले. हाउगच्या निबंधांची १८७८ ची वाढवलेली आवृत्तीही त्यांनीच लावून दिली.

कान्हेरीच्या लेण्यांतले लेख वेस्टनी १८६० च्या सुमारास उतरवून घेतले. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जाणाऱ्यांनी ९० क्रमांकाचं लेणं जरूर बघावं. बौद्ध लेण्याच्या भिंतीवर पहलवी लेख आहेत, यझ्दगर्दी सन ३७८ आणि ३९० चे, म्हणजे इ.स. १००९ आणि १०२१. तारीख आणि लेणं बघायला आलेल्यांची बापाच्या नावासकट नावं, एवढाच मजकूर. पण साल नक्की असलेले पहलवी लेख भारतात किती थोडे आहेत हे लक्षात घेतलं की त्याची किंमत कळते.

मुळामुठा

@कातळकोरीव, अजिबात विषयांतर नाही. एक पुरोहित, एक प्राध्यापक, एक रेल्वे अभियंता. तिघांपैकी एकाला वगळलं तर अर्दा विराफ झालं नसतं. होशंगजींनी पोथ्या ताडून मूळ पाठ तयार केला, हाउगने वेस्टच्या मदतीने तो तपासून भाषांतर केलं, आणि १८७४ मध्ये शब्दसूची वेगळी निघाली. पुस्तक १०१ प्रकरणांचं, विराफ नावाच्या सत्पुरुषाच्या स्वर्ग-नरकाच्या प्रवासाचं. होशंगजी पुढेही थांबले नाहीत. १९०७ मध्ये वेंदिदादचं मूळ आणि पहलवी भाषांतर त्यांनी संपादून छापलं.

पोथीबासन

पाठ तयार करणं म्हणजे काय, यावर थोडं. अवेस्ताच्या पोथ्या दोन जातीच्या. ‘सादे’ म्हणजे विधीसाठीच्या, फक्त मूळ मंत्र, क्वचित मधे कृतीच्या सूचना. दुसऱ्या झंदसह, म्हणजे प्रत्येक वाक्यामागे पहलवी भाषांतर. वेंदिदाद सादेत तर यस्न, विस्परद आणि वेंदिदादचे २२ अध्याय रात्रीच्या विधीत येतात त्या क्रमाने गुंफलेले असतात.

झंदसह पोथ्यांत सर्वांत महत्त्वाच्या दोन, दोन्ही १३२३ च्या, दोन्ही इराणातून आलेल्या मिहिरबान कैखुस्रव या लेखनिकाने खंबायतला लिहिलेल्या. एक आज ऑक्सफर्डला, दुसरी रास्कने नेलेल्यांपैकी, कोपनहेगनला. आता विचार करा: सासानी काळात ५३ अक्षरांची खास लिपी बनवून उच्चार बारकाईने टिपले, आणि हाती असलेली सर्वांत जुनी पोथी त्यानंतर सात-आठशे वर्षांनंतरची.

नकलताना चुका होतात त्या दोन कारणांनी. एक डोळ्याची चूक, ती सगळीकडे सारखी. दुसरी अवेस्ताची खास: लेखनिक स्वतः पुरोहित, मजकूर त्याला तोंडपाठ. तो समोरच्या पोथीतलं कमी आणि तोंडात बसलेलं जास्त लिहितो. त्यामुळे इराणी उच्चाराच्या वळणाचे आणि गुजराती उच्चाराच्या वळणाचे पाठ एकाच पोथीत मिसळतात, आणि ‘ही पोथी अमकीची नक्कल’ अशी वंशावळ सरळ मांडता येत नाही. गेल्डनरने १८८६ ते १८९६ मध्ये शंभरावर पोथ्या ताडून आवृत्ती काढली ती याच अडचणीशी झगडत.

हाउग १८६३-६४ च्या हिवाळ्यात सरकारतर्फे गुजरातेत हस्तलिखितांच्या शोधात फिरला होता. त्याचा स्वतःचा संग्रह म्युनिकच्या ग्रंथालयात गेला आणि तिथल्या अवेस्ता-पहलवी पोथ्यांची सूची १९१५ मध्ये बार्थोलोमेने केली. डेक्कन कॉलेजातला सरकारी हस्तलिखितांचा साठा १९१८ मध्ये भांडारकर संस्थेकडे आला.

विश्रामबाग

टिळकांचा उल्लेख व्हायला हवा. ‘ओरायन’मध्ये (१८९३) मृगाच्या पट्ट्याची चर्चा करताना त्यांनी यस्न ९.२६ मधला हओमाचा ताऱ्यांनी मढवलेला कटिबंध पुराव्याला घेतलाय, तिथे हाउगचं भाषांतर त्यांच्यासमोर होतं. पारशांची कुस्ती (कमरेला बांधायचा पवित्र दोरा), आपलं यज्ञोपवीत आणि मृगाची मेखला यांची सांगड त्यांनी तिथेच घातली.

धूळपाटी

सगळं वाचून डोकं भरून गेलं. आता मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा: आज शिकायचं तर सुरुवात हाउगपासून की नाही?

उपरणे

@धूळपाटी, नाही. इतिहास म्हणून त्याचे निबंध वाचा, भाषा मात्र जॅक्सनच्या व्याकरणापासून धरा, कारण त्यात प्रत्येक नियम संस्कृतशी जोडून दिलाय. लिपी आठवडाभरात बसते, रूपावली बसायला काही महिने लागतात. सुरुवात गाथांनी करू नका. आधी यश्त ५ किंवा १० मधले सोपे वर्णनात्मक उतारे, मग यस्न ९ (हओमाचा, गोष्टीरूप आहे), आणि त्यानंतरच यस्न २८.

गाथांचं एक कडवं लावायची रीत अशी. गेल्डनरचा पाठ घ्यायचा, खालचे पाठभेद न टाळता बघायचे. अक्षरं मोजून यति लावायचा. २८.१ ची सुरुवात बघा: ‘अह्या यासा नेमङ्हा’, २+२+३, बरोबर सात, इथे यति. पुढचा शब्द ‘उस्तानज़स्तो’. मग प्रत्येक शब्द गाथांत आणखी कुठे आलाय ते बार्थोलोमेच्या १९०४ च्या कोशात शोधायचं. त्यानंतर वेद: ऋग्वेद ६.१६.४६ मध्ये ‘उत्तानहस्तो नमसा’ आहे, म्हणजे हात पसरून नमनाने मागणं हा दोन्हीकडचा एकच जुना वाक्प्रचार. इथे वेद कामाला आला. पण पुढच्याच ‘रफेध्रह्या’ला (आधार, साहाय्य) संस्कृतात तसा जोडीदार नाही. तिथे गाथांतल्या इतर जागा आणि झंद यांच्यावरच भागवावं लागतं.

झंद सर्वांत शेवटी बघायचा, पण बघायचाच. तो शब्दाला शब्द ठेवतो, विभक्तीकडे दुर्लक्ष करतो, त्यामुळे वाक्यार्थासाठी तो कुचकामी, शब्दार्थासाठी अनेकदा सोनं. नेर्योसंग धवल या जुन्या पारशी पंडिताचं संस्कृत भाषांतर मराठी माणसाला जवळचं वाटतं म्हणून त्यावर विसंबू नका. ते पहलवीवरून केलेलं आहे, मूळ अवेस्तावरून नाही. पहलवीत चुकलेलं संस्कृतातही चुकलेलंच येतं.

पोथीबासन

साधनांबद्दल: गेल्डनरचा पाठ फ्रँकफर्टच्या टीटूस प्रकल्पात टंकित रूपात मिळतो, पोथ्यांची छायाचित्रं अवेस्तन डिजिटल आर्काइव्हमध्ये. पहलवीसाठी मॅकेन्झीचा १९७१ चा छोटा कोश घ्यावा, लिप्यंतराची आज रूढ असलेली पद्धत त्याचीच. प्रत्यक्ष ग्रंथालय हवं असेल तर मुंबईत लायन गेटसमोर कामा प्राच्य संस्था (स्थापना १९१६), आणि थोडं लांब जायची तयारी असेल तर नवसारीचं मेहेरजीराणा ग्रंथालय. सुरुवात कोशापासून करू नका, दोन वर्षं तरी व्याकरण आणि उतारे.

देवगिरी

यावर दुमत नाही. पण हाउगचे निबंध वाचणार असाल तर १८६२ ची नव्हे, १८७८ ची आवृत्ती घ्या. वेस्टनी त्यात हाउगच्या कागदांतली पारशी विधींची टिपणं परिशिष्टात जोडली आहेत. मतं बाजूला ठेवली तरी ती टिपणं आजही उपयोगाची आहेत.

मुळामुठा

@देवगिरी, त्या टिपणांबद्दल मनापासून सहमत. आणि एकेश्वरवादाच्या प्रभावाबद्दलचा तुमचा मुद्दाही मी मान्य करतो, समाजावरचा ठसा तोच. अभ्यासातला ठसा मात्र माझ्या मते होशंगजींबरोबरचाच, कारण १८७० च्या फरहंगनंतर पहलवीला मिश्र बोली म्हणणं हळूहळू बंद झालं. पुढचा धागा होशंगजींवर काढतो. त्यांच्या वेंदिदादच्या दुसऱ्या खंडात शब्दसूची आहे, तिच्यापासून सुरुवात करू.